नर्सिंग बोर्डाचा मॉनिटरिंग प्रोग्रॅम: सही करण्याआधीपासून शेवटच्या पत्रापर्यंत

अमेरिकेत दारू, औषधांचा गैरवापर किंवा नार्कोटिक्सच्या हिशेबातली तफावत अशा कारणांनी एखाद्या नर्सचं नाव बोर्डाकडे गेलं, की लायसन्स लगेच जातंच असं नाही. बहुतेक राज्यांत शिस्तभंगाच्या कारवाईऐवजी उपचार घेत, देखरेखीखाली काम करत राहण्याचा मार्ग आहे. फ्लोरिडाचा इंटरव्हेन्शन प्रोजेक्ट फॉर नर्सेस, टेक्सासचा पिअर असिस्टन्स प्रोग्रॅम, न्यू जर्सीचा रिकव्हरी अँड मॉनिटरिंग प्रोग्रॅम, कॅलिफोर्निया बोर्डाचा इंटरव्हेन्शन प्रोग्रॅम ही त्यातली काही नावं. करार बहुधा ३ ते ५ वर्षांचा असतो. नियम राज्यागणिक बदलतात, त्यामुळे इथलं काही तुमच्या कराराशी जुळलं नाही तर करारातलंच खरं धरा.

अडचणीत येणारी प्रत्येक नर्स पुन्हा व्यसनाकडे वळलेली असते असं नाही. सकाळचं चेक-इन राहतं, लघवीचा नमुना पातळ निघतो, सुपरवायझरचा तिमाही अहवाल उशिरा जातो, गणपतीत खसखस घातलेला मोदक खाल्ला जातो, आणि फाइलवर एकेक शेरा चढत जातो. उपचार मनापासून घ्यायचेच, पण हा करार पार पडतो तो रोजच्या नोंदींवर. जे चार्टवर नाही ते केलंच नाही, हे आपण वॉर्डात शिकलेलो असतो. आता तो नियम तुमच्या स्वतःच्या आयुष्याला लागू आहे असं समजा.

सही करण्याआधी

बोर्डाच्या तपास अधिकाऱ्याचा फोन आला की घाबरून सगळं सांगून टाकू नका आणि लेखी जबाबही पाठवू नका. नम्रपणे सांगा, की वकिलाशी बोलून उत्तर देते. वकील लायसन्सच्या प्रकरणांचाच हवा. घटस्फोट किंवा अपघाताची प्रकरणं बघणारा ओळखीचा वकील इथे कामाचा नाही. अमेरिकन असोसिएशन ऑफ नर्स अटर्नीज या संस्थेत स्वतः नर्स असलेले वकील आहेत. तुमचा स्वतःचा मालप्रॅक्टिस विमा असेल तर त्यात लायसन्स बचावाचा खर्च धरला आहे का ते पाहा. बऱ्याच पॉलिसींत तो असतो, पण विमा कंपनीला वेळेत कळवलं नाही तर मिळत नाही.

वकिलाला हे नेमके प्रश्न विचारा. हा करार गोपनीय आहे की जाहीर आदेश आहे? करारात मी गुन्ह्याची कबुली देते आहे का, आणि मी प्रोग्रॅममधून बाहेर पडले तर ती कबुली माझ्याविरुद्ध वापरता येईल का? एक चाचणी चुकली तर मुदत वाढते की पहिल्यापासून सुरू होते? कामावर नसलेले महिने मुदतीत धरले जातात का? या शेवटच्या प्रश्नाकडे फार जणींचं दुर्लक्ष होतं. काही करारांत प्रत्यक्ष नर्स म्हणून काम केलेला काळच मोजतात, आणि नोकरी मिळायला वर्ष लागलं तर ते वर्ष हिशेबात येत नाही.

‘कटकट नको, लायसन्सच परत देऊन टाकते’ हा विचार मनात येतो. तपास चालू असताना लायसन्स स्वेच्छेने परत केलं, तर केंद्राच्या आरोग्य खात्याच्या महानिरीक्षकांच्या वगळलेल्यांच्या यादीत नाव जाऊ शकतं. एकदा त्या यादीत गेलात की मेडिकेअर किंवा मेडिकेडचा पैसा जिथे येतो तिथे कुठलंच काम मिळत नाही, अगदी बिलिंगच्या टेबलावरचंसुद्धा. परत करण्याचा निर्णय वकिलाशिवाय घेऊ नका.

भारतातून आलेल्या, ग्रीन कार्डाची वाट पाहणाऱ्या नर्सला आणखी एक वकील लागतो, इमिग्रेशनचा. ग्रीन कार्डासाठीच्या वैद्यकीय तपासणीत नियंत्रित औषधांच्या व्यसनाची नोंद झाली तर ती ‘क्लास ए’ प्रकारात जाते आणि अर्ज अडतो. साधारण १२ महिने पूर्ण व्यसनमुक्त राहिल्याचं दाखवता आलं की तो अडसर दूर होऊ शकतो. शिवाय नियंत्रित औषध बेकायदा घेतल्याची लेखी कबुली इमिग्रेशनच्या कायद्यात गुन्हा सिद्ध न होताही त्रास देऊ शकते. म्हणून बोर्डाच्या करारातली कबुलीची भाषा सहीआधीच त्या वकिलाला दाखवा. नोकरी गेली तर व्हिसाचं काय, हेही त्याच भेटीत विचारून घ्या.

तुमचं लायसन्स नर्स लायसन्सर कॉम्पॅक्टमधलं असेल, म्हणजे एका लायसन्सवर अनेक राज्यांत काम करता येत असेल, तर प्रोग्रॅममध्ये शिरताच ती सोय थांबते आणि फक्त आपल्या राज्यात काम करता येतं. ट्रॅव्हल नर्सिंग किंवा दुसऱ्या राज्यातल्या रुग्णांचं टेलिहेल्थ चालू असेल तर ते त्याच दिवशी थांबवा. हे माहीत नसल्याने ‘विनालायसन्स काम’ असा नवाच आरोप ओढवून घेतलेली प्रकरणं होतात.

व्यसन आहे का हे ठरवणाऱ्या मूल्यांकनाला जाताना सगळ्या औषधांची यादी, जुने उपचारांचे कागद आणि डॉक्टरांची पत्रं न्या. निदान पटलं नाही तर व्यसनोपचारात तज्ज्ञ असलेल्या मानसोपचारतज्ज्ञाचं दुसरं मत घ्या, मात्र ते कोणाकडून चालेल हे आधी प्रोग्रॅमला लेखी विचारा. व्यसनावरच्या उपचारासाठी ब्युप्रेनॉर्फिनसारखं औषध चालू असेल तर कोणाच्या तोंडी सांगण्यावरून ते बंद करू नका. अशा औषधावर असलेल्या एका नर्सला इंडियानाच्या बोर्डाने प्रोग्रॅममध्ये राहू दिलं नाही, तेव्हा हा अपंगत्वविषयक कायद्याचा भंग आहे असा निष्कर्ष अमेरिकेच्या न्याय विभागाने मार्च २०२२ मध्ये काढला. तो वकिलाच्या लक्षात आणून द्या.

उपचारासाठी रजा लागणार असेल तर फॅमिली अँड मेडिकल लीव्ह कायद्याखाली १२ आठवडे बिनपगारी रजा मिळते. त्यासाठी नोकरीला १२ महिने आणि आधीच्या वर्षात १,२५० तास काम झालेलं हवं, आणि तुमच्या कामाच्या जागेपासून ७५ मैलांत त्या मालकाचे ५० तरी कर्मचारी हवेत. राजीनामा देण्याआधी ही रजा मागा.

पहिल्या आठवड्यात लावायची घडी

बहुतेक प्रोग्रॅममध्ये रोज, शनिवार-रविवार आणि सणासुदीलाही, ॲपवर किंवा फोनवर चेक-इन करावं लागतं. त्या दिवशी तुमचं नाव निघालं तर त्याच दिवशी नमुना द्यायचा. दोन वेगवेगळ्या उपकरणांवर गजर लावा, चेक-इन झालं की स्क्रीनशॉट काढा आणि महिन्याच्या फोल्डरमध्ये टाका. ॲप बंद पडलं तर फोनचा पर्याय लगेच वापरा आणि त्रुटीच्या संदेशाचाही फोटो ठेवा.

नमुना घेणारी केंद्रं निदान तीन शोधून ठेवा: एक घराजवळ, एक कामाजवळ, एक शनिवार-रविवारी उघडं असणारं. प्रत्येकाला स्वतः फोन करून विचारा, की प्रोग्रॅमचा नमुना शेवटी किती वाजता घेता. पाटीवर पाचची वेळ असते आणि चार वाजता घेणं बंद होतं, हे सर्रास घडतं. कस्टडी फॉर्म, म्हणजे नमुना कोणाकोणाच्या ताब्यात होता याची नोंद ठेवणारे कागद, संपण्याआधी मागवा. चार उरले की नवे मागवायचे असा नियम ठेवा आणि दोन कायम गाडीत असू द्या.

खर्च तुमच्याच खिशातून होतो. लॅब आणि केंद्राची फी धरून एका लघवीच्या चाचणीला साधारण ५० ते १०० डॉलर, रक्ताच्या चाचणीला जास्त. महिन्याला तीन चाचण्या आणि दर चाचणीला ७५ डॉलर धरले तरी महिन्याचे २२५ होतात; त्यावर प्रोग्रॅमची फी, समुपदेशन आणि सपोर्ट ग्रुपचे पैसे वेगळे. लॅबच्या खात्यात शिल्लक नसेल तर चाचणी होत नाही आणि ती चुकलेलीच धरतात. तीन महिन्यांचे पैसे बाजूला ठेवूनच सुरुवात करा, आणि जमत नसेल तर हप्त्यांची किंवा फी कमी करण्याची मागणी लेखी करा.

नमुना देताना

शक्यतो सकाळी, घरातला दुसरा चहा व्हायच्या आत जा. दिवसाची पहिली किंवा दुसरी लघवी सर्वांत घट्ट असते. नमुना पातळ निघाला तर बरेच प्रोग्रॅम तो चुकीचाच धरतात. केंद्र सरकारच्या मोजमापात क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरपेक्षा कमी आणि विशिष्ट गुरुत्व १.००३ पेक्षा कमी असेल तर नमुना पातळ ठरतो. क्रिएटिनिन २ च्याही खाली गेलं तर नमुना बदलल्याचा संशय येतो. आपल्याकडे अनेक जणी शाकाहारी, अंगाने बारीक, त्यात उपवास करणाऱ्या. मांस न खाणाऱ्यांच्या आणि स्नायू कमी असणाऱ्यांच्या लघवीत क्रिएटिनिन मुळातच कमी असतं. अशांनी आदल्या रात्री आणि सकाळी पोटभर खावं, नमुन्याआधी दोनेक तास तांब्याभर पाणी पिऊ नये. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर तसं डॉक्टरांचं पत्र आधीच फाइलला लावून ठेवावं. पातळ नमुने वारंवार येत असतील तर किडनीची तपासणी करून तो अहवाल पाठवा.

केंद्रावर फोटो ओळखपत्र दाखवा, खिसे रिकामे करा, हात धुवा. सीलबंद डबा तुमच्यासमोर उघडला जातोय का ते बघा. पुष्कळ प्रोग्रॅममध्ये केंद्रावरची व्यक्ती समोर उभी राहते. अवघडल्यासारखं होतं, पण नकार दिला तर तो चाचणीला नकारच मानला जातो. वाहतूक खात्याच्या पद्धतीनुसार ४५ मिलिलिटर लघवी लागते आणि चार मिनिटांत तिचं तापमान ९० ते १०० अंश फॅरेनहाइटच्या मध्ये असावं लागतं. लघवी होत नसेल तर तीन तासांत ४० औंसांपर्यंत, म्हणजे सव्वा लिटरच्या आसपास, पाणी देतात. त्या वेळी केंद्र सोडून जाऊ नका. निघून गेलात तर तोही नकार.

बाटल्यांवर सील लागेपर्यंत नजर हलवू नका. सीलवरची तारीख वाचा, आद्याक्षरं घाला, फॉर्मवरचा नंबर आणि बाटलीवरचा नंबर जुळतोय ना पाहा, आणि फॉर्मची दात्याची, म्हणजे तुमची, प्रत हातात घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. गाडीत बसताच तिचा फोटो काढा. पुढे वाद झाला तर ही प्रतच तुमच्या बाजूने बोलते.

पोटात काय जातंय

यावर थोडं थांबून लिहायला हवं, कारण इंग्रजी सूचनापत्रकांत आपलं स्वयंपाकघर नसतं.

खसखशीत मॉर्फिन आणि कोडीनचे अंश असतात. धुऊन, भाजून ते कमी होतात, शून्य होत नाहीत, आणि एका पिशवीत किती असेल ते दुसऱ्या पिशवीवरून सांगता येत नाही. नोकरीच्या चाचण्यांत केंद्र सरकारने ओपिएटची मर्यादा प्रति मिलिलिटर ३०० वरून २,००० नॅनोग्रॅमवर नेली ती मुख्यतः खसखशीमुळेच, पण नर्सच्या प्रोग्रॅममध्ये मर्यादा बहुधा खालचीच असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्यानेही फेब्रुवारी २०२३ मध्ये सैनिकांना खसखस टाळायला सांगितलं. तेव्हा अनारसे, डिंकाचे लाडू, करंजीचं आणि मोदकाचं सारण, गोडा मसाला, मालवणी मसाला, खसखशीचं वाटण घातलेला रस्सा हे सगळं विचारल्याशिवाय तोंडात घालायचं नाही. मसाला घरी करत असाल तर खसखस वगळून वेगळा डबा ठेवा. दुसऱ्याच्या घरी जेवायला जाताना ‘मला खसखशीची ॲलर्जी आहे’ एवढं सांगणं पुरतं. बाहेर बेगल किंवा लिंबाच्या केकवरचे काळे दाणे म्हणजे तीच.

दारूच्या चाचणीचं वेगळं आहे. लघवीतली ईटीजी चाचणी दारू घेतल्यावर सुमारे ८० तासांपर्यंत खुणा पकडते, आणि तिची मर्यादा १०० ते ५०० नॅनोग्रॅमच्या दरम्यान कुठेही ठेवलेली असते. एवढ्या खाली मोजल्यावर माउथवॉश आणि खोकल्याची सिरपही दिसतात. मूळ लिस्टरीनमध्ये २६.९ टक्के, नायक्विलच्या द्रवात १० टक्के, अमेरिकेतल्या व्हॅनिला अर्कात निदान ३५ टक्के अल्कोहोल असतं. कोंबुचा नको, ‘नॉन-अल्कोहोलिक’ बीअर नको, रममध्ये भिजवलेल्या सुक्यामेव्याचा ख्रिसमस केक नको. आयुर्वेदिक आसव आणि अरिष्ट, म्हणजे द्राक्षासव, दशमूलारिष्ट, कुमार्यासव, अशोकारिष्ट, आंबवूनच तयार होतात. त्यांत साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल असतं. आईने प्रेमाने पाठवलेली बाटली घरात ठेवूच नका. होमिओपॅथीचे थेंब अल्कोहोलमध्येच बनतात. होळीची किंवा महाशिवरात्रीची थंडाई भांगेशिवायची असल्याची खात्री नसेल तर घेऊ नका, आणि जातिफलादी चूर्णात भांग असते हे लक्षात ठेवा. सीबीडी तेल तर हातात धरू नका.

वॉर्डातला सॅनिटायझर टाळता येत नाही. तो पूर्ण वाळू द्या, वास खोल घेऊ नका, आणि रुग्णालयाच्या नियमात बसेल तिथे साबण-पाणी वापरा. बहुतेक करारांत ‘अनवधानाने संपर्क झाला हे कारण चालणार नाही’ अशी ओळ असते, म्हणजे काळजीचा सगळा भार तुमच्यावर.

औषधांत नियम एकच: एक डॉक्टर, एक फार्मसी आणि घेण्याआधी प्रोग्रॅमच्या पोर्टलवर नोंद. दात काढायचा असो की शस्त्रक्रिया असो, तुम्ही देखरेखीखाली आहात हे दंतवैद्याला आणि भूलतज्ज्ञाला आधी सांगा आणि ओपिऑइडशिवायचा पर्याय मागा. द्यावंच लागलं तर गोळ्यांची संख्या लिहिलेलं पत्र घ्या, आणि उरलेल्या गोळ्या नष्ट केल्याची पावती पाठवा. व्हिक्सच्या अमेरिकन इनहेलरमध्ये लेव्हमेटॅमफेटामिन असतं, ते टाळा. भारतातून आणलेल्या कोडीनच्या सिरप, ट्रॅमाडॉल असलेल्या वेदनाशामक गोळ्या, अल्प्राझोलाम यांतलं काहीही घरात नको.

चाचणी पॉझिटिव्ह आली तर

फोनवर कबुलीही देऊ नका आणि भांडूही नका. आकडा विचारा: पातळी किती, मर्यादा किती, पहिली तपासणी होती की मास स्पेक्ट्रोमेट्रीने खात्री केली? लेव्होफ्लॉक्सासिनने ओपिएटची, बुप्रोपिऑन किंवा लॅबेटेलॉलने ॲम्फेटामिनची पहिली चाचणी चुकीने पॉझिटिव्ह येऊ शकते. पक्क्या चाचणीत ते बाजूला होतं. नमुन्याचा दुसरा भाग दुसऱ्या लॅबकडे पाठवायची मागणी मुदतीत करा. फेडरल पद्धतीत त्याला ७२ तास मिळतात, तुमच्या करारातले तास वाचा. ईटीजी पॉझिटिव्ह आली आणि तुम्ही प्यायलाच नसाल तर एक-दोन दिवसांत स्वखर्चाने रक्ताची पेथ चाचणी करा. ती मागच्या दोन ते चार आठवड्यांतली दारू दाखवते, आणि नकारात्मक आली तर तुमच्या म्हणण्याला बळ देते.

खरोखरच घेतलं असेल तर लॅबचा निकाल यायच्या आधी वकिलाला सांगा, आणि त्याच्या सल्ल्याने स्वतःहून प्रोग्रॅमला कळवा. स्वतः सांगितलेलं आणि लपवलेलं सापडलेलं यांकडे बोर्ड वेगवेगळ्या नजरेने पाहतं.

चेक-इन किंवा चाचणी राहून गेली आणि उशिरा लक्षात आलं, तरी केंद्र उघडं असेल तर जाऊन नमुना द्या. दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला लेखी कळवा आणि शक्य तर त्याही दिवशी चाचणी मागा.

नोकरी

सुरुवातीला सहा महिने ते वर्षभर नार्कोटिक्सला हात लावायचा नाही, रात्रपाळी नाही, ओव्हरटाइम नाही, फ्लोट (गरजेप्रमाणे दुसऱ्या वॉर्डात जाणं) नाही, एजन्सी किंवा घरोघरी जाऊन काम नाही, आणि जवळ नर्स सुपरवायझर हवी, अशा अटी साधारण असतात. त्यामुळे डायलिसिस, केस मॅनेजमेंट, युटिलायझेशन रिव्ह्यू, क्वालिटी आणि औषधं न देणारे क्लिनिक इथे आधी अर्ज करा. मुलाखतीत पहिल्या मिनिटाला सांगायची गरज नाही, पण ऑफर स्वीकारण्याआधी अटींचा कागद द्यायलाच हवा. दोन ओळी तयार ठेवा: ‘माझ्या लायसन्सवर अमुक तारखेपर्यंत अटी आहेत. दर तीन महिन्यांनी एक पानी अहवाल भरावा लागेल, आणि माझी नियमित चाचणी होते.’ कारणांचा पाढा वाचू नका.

सुपरवायझर बदलली तर नव्या व्यक्तीची मंजुरी येईपर्यंत काम करता येतं का, ते त्याच दिवशी विचारा. अहवाल त्यांनी पाठवायचा असला तरी उशीर तुमच्या नावावर लागतो. देय तारखेच्या दहा दिवस आधी कोरा फॉर्म द्या, पाच दिवस आधी आठवण करा, पोहोचल्याची पोच पोर्टलवर पाहा. सपोर्ट ग्रुप आणि बैठकांच्या सह्यांच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी अपलोड करा. महिनाअखेरीस त्या सापडत नाहीत.

भारतात जायचं असेल तर तिकीट काढण्याआधी, चार-सहा आठवडे आधी, लेखी परवानगी मागा. काही प्रोग्रॅम परदेशी जाऊ देत नाहीत, काही जाण्याआधी आणि आल्यावर केस, नख किंवा पेथ चाचणी घेतात. दीड इंच केस साधारण ९० दिवस सांगतात. आईवडील आजारी असले तरी परवानगीशिवाय निघू नका. तातडीच्या ईमेलचा मसुदा आणि प्रोग्रॅममधल्या तुमच्या केस मॅनेजरचा नंबर आधीच तयार असू द्या.

पहिले काही महिने सर्वांत जड जातात. नोकरी गेलेली, पैसे संपत आलेले, घरी सांगितलेलं नाही. जगू नये असं वाटलं तर ९८८ या संकटकाळच्या हेल्पलाइनला फोन लावा. तो फोन केला म्हणून कोणाचं लायसन्स जात नाही. घरातल्या एका माणसाला सगळं सांगा, सासरी-माहेरी सगळ्यांना नाही. सकाळी चेक-इन झालं का, हे विचारणारं एक माणूस पुरतं.

मुदत संपताना

करार आपोआप संपत नाही. संपण्याच्या तीन महिने आधी केस मॅनेजरला विचारा, की कुठला अर्ज, कोणाची पत्रं, कुठली फी. पूर्णत्वाचं पत्र हाती आल्याशिवाय चेक-इन थांबवू नका. शेवटच्या आठवड्यात थांबवलेलं चेक-इनही चुकलेलंच मोजतात. पत्र आल्यावर नर्सिसवर, म्हणजे नर्सच्या लायसन्सची माहिती देणाऱ्या संकेतस्थळावर, स्वतःचं नाव टाकून लायसन्सची स्थिती बघा, अटी काढल्या नसतील तर बोर्डाला पत्राची प्रत पाठवा, आणि कॉम्पॅक्टची बहुराज्य सोय परत हवी असेल तर ती वेगळी मागा. पुढच्या अर्जांत ‘कधी शिस्तभंगाची कारवाई झाली का’ आणि ‘कधी मॉनिटरिंगमध्ये होता का’ हे दोन वेगळे प्रश्न असतात. पहिल्याला तुमचं उत्तर काय, ते प्रकरण बंद होतानाच वकिलाकडून लेखी घ्या. करार, दात्याच्या प्रती, अहवाल आणि शेवटचं पत्र यांचं स्कॅन दोन ठिकाणी ठेवा. पुढे दुसऱ्या राज्यात लायसन्स मागताना हेच कागद पुन्हा मागितले जातात.